केबिनचा वारा

मे महिन्याच्या दुपारी नरसीच्या चौकात थोडा वेळ उभं राहिलं, की ट्रकच्या काचांवरून केबिनमधली हालत कळते. नांदेडहून नायगाव ओलांडून आलेला रस्ता इथून देगलूरमार्गे हैदराबादकडे जातो. आडवा रस्ता एकीकडे मुखेडला, दुसरीकडे बिलोलीला. दोन्ही काचा खाली आणि ड्रायव्हरचा उजवा कोपर बाहेर, ही एसी नसलेली जुनी गाडी. काचा वर आणि आतल्या माणसाचा शर्ट कोरडा, ही एसी चालू असलेली. तिसरी गाडी या दोन्हींत बसत नाही. मॉडेल अलीकडचं, डॅशबोर्डवर एसीचं बटण, तरी काचा खाली आणि खिडकीत ओली दस्ती अडकवलेली. अशा पुष्कळ गाड्यांत गॅस पुरेसा असतो, कॉम्प्रेसर धडधाकट असतो. गारवा तयार होतो, पण तो माणसापर्यंत आणणारा वारा बंद पडलेला असतो. तो वारा देते ब्लोअरची मोटर. ती ओंजळीत मावते. एका टायरच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ. आणि तरी ती बंद पडली, की महिनोन् महिने तशीच राहते. का, ते शोधायला मी या रस्त्यावरच्या गॅरेजांत गेलो.

आधी केबिनविषयी. १९५४ साली जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने टाटांचे ट्रक तयार होऊ लागले, तेव्हा इंजिन पुढच्या बॉनेटखाली होतं. पुढे मालाला जागा वाढावी म्हणून केबिन पुढे सरकली आणि इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, नाहीतर थेट सीटखाली आलं. मालकाचा फायदा झाला. ड्रायव्हरच्या मांडीला मात्र दिवसभर इंजिनची धग लागू लागली. त्यात आपल्याकडे चालायचं ते असं, की कारखान्यातून नुसती चासी बाहेर पडायची आणि केबिन बॉडीवाला बांधायचा: लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, आत रेक्झिन, आरसे, झालर, देवाची तसबीर. देखणी असायची ती केबिन. पण उन्हाचा विचार कुणी केलेला नसायचा, फार तर छताला एक छोटा पंखा.

आणि पंखा कुठवर पुरतो? माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या जवळपास असतं. हवा त्याहून थंड असेल, तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ४२ अंशांवर गेली, की तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. मग भरवसा उरतो तो फक्त घामावर, आणि घामासाठी पाणी लागतं. पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते. म्हणून पुष्कळ ड्रायव्हर दुपारी पाणी कमी पितात. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणं नवलाचं नाही. बंद काचेआड, इंजिनच्या वर, तो आकडा आणखी चढतो.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या ट्रकड्रायव्हरांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ड्रायव्हर दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवत असल्याचं दिसलं. थकवा किंवा झोप आली तरी गाडी चालवत राहतो, असं जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं. तेव्हा लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा मात्र साधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. कागद आणि रस्ता यांतलं हे अंतर त्या केबिनमध्ये बसूनच कापलं जातं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली किती उन्हाने शिणलेल्या ड्रायव्हरच्या एका डुलकीमुळे गेली, ते कोणत्याच तक्त्यात येत नाही. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजता ज्याने या रस्त्यावर स्टिअरिंग धरलंय, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ८ डिसेंबर २०२३ ला अधिसूचना काढली: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या प्रत्येक वाहनाच्या केबिनला एसी हवाच. एन-२ म्हणजे मालासकट साडेतीन टनांपेक्षा जड आणि १२ टनांपर्यंतची मालवाहू गाडी, एन-३ म्हणजे त्याहून जड. तपासणी आयएस १४६१८:२०२२ या मानकाप्रमाणे. त्याआधी २०२३ च्या जूनमध्येच या खात्याचे मंत्री नितीन गडकरींनी जाहीर कार्यक्रमात हा मुद्दा मांडला होता. ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांत गाडी चालवतात, त्यांची काय अवस्था होत असेल, असं ते म्हणाले होते. हा नियम फार आधी व्हायला हवा होता. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला होता. तिथून आपल्या मालट्रकपर्यंत तो सक्तीने यायला पंच्याऐंशी वर्षं लागली. पण नियम आला, हे चांगलं झालं, आणि ते मोकळेपणाने म्हणायला हवं.

फक्त हा नियम गाडी बनवण्याचा आहे. गाडी विकली गेल्यावर एसी चालू आहे की नाही, हे ठरतं मालकाच्या खिशावर आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातावर.

नायगावजवळ रस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजात मी ही दुरुस्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. गाडी बारा टायरची, वसमतहून हळद भरून हैदराबादकडे निघालेली. ड्रायव्हर पन्नाशीचा, सोबत किन्नर (क्लीनर) म्हणून भाचा. तक्रार अशी, की महिन्याभरापूर्वी ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालू लागला, एक-दोन-तीनवर काहीच नाही. मग त्यातून कर्कश आवाज येऊ लागला. चार दिवसांपूर्वी तोही थांबला. मधे एका ठिकाणी गॅस संपलाय म्हणून गॅस भरून घेतला, पैसे गेले, गारवा आला नाही.

मिस्त्रीने गॅसच्या नळ्यांना हातच लावला नाही. "मामा, गॅस काय डिझेल हाय का संपायला?" एवढंच म्हणाला. खरं आहे ते. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कुठे गळती असेल तरच तो कमी होतो. आजच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. हे घडतं इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमागच्या गार जाळीत. ब्लोअर त्या जाळीतून हवा लोटतो आणि गार झालेली हवा तोंडावर येते. ब्लोअर थांबला, की जाळी गार होत जाते, तिच्यावर बर्फ धरतो आणि थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. ड्रायव्हरला दिसतं ते एवढंच, की कॉम्प्रेसर लागतो आणि सुटतो. मग कुणीतरी सांगतं, गॅस गेला. ब्लोअरची मोटर गॅसच्या वाटेबाहेर असते. ती बदलायला गॅसचा एक थेंब सोडावा लागत नाही. आर-१३४ए उघड्यावर सोडणं वाईटच, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींहून जास्त उष्णता हवेत अडवतो.

चावी फिरवून त्याने नॉब चारही आकड्यांवर नेला आणि कान लावला. मग किन्नर बसतो त्या बाजूला, डॅशबोर्डखाली हात घालून पान्याच्या दांड्याने मोटरीच्या खोळीवर दोन हलक्या टिचक्या मारल्या. मोटर थरथरली, अर्धा फेरा फिरली, थांबली. "कार्बन गेलेत," तो म्हणाला. त्यावर तो थांबला नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. कनेक्टर ओढून त्याने मल्टिमीटर लावला. जड गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. इंजिन बंद असताना मीटरने चोविसाच्या वर थोडं दाखवलं. फ्यूज ठीक, अर्थिंग ठीक. म्हणजे करंट मोटरीच्या दारापर्यंत येतोय, दोष मोटरीतच. बॅटरीचा कट-ऑफ फिरवून, तिची निगेटिव्ह तार सोडून मगच त्याने पाना हातात घेतला.

खालचा पॅनल निघाला, तीन स्क्रू निघाले, आणि मोटर चाकासकट खाली आली. ब्लोअरचं चाक म्हणजे कडेने उभ्या पात्या लावलेला प्लास्टिकचा डबा. मधून हवा घेतो आणि कडेने फेकतो. त्या पात्यांमध्ये या भागाचा सगळा हंगाम अडकला होता. हळदीची पिवळी पूड, कापसाचं सूत, सोयाबीनचं भुसकट, कडुलिंबाची वाळलेली पानं आणि वर काळ्या रानाची धूळ. केबिनचा फिल्टर होताच कुठे? कधीतरी काढला गेला आणि परत बसवलाच नव्हता. इव्हॅपोरेटरच्या तोंडावर भिजलेल्या गोधडीसारखा थर बसला होता.

हे फक्त या गाडीचं नाही. इथून जाणारा ट्रक ऑक्टोबर-नोव्हेंबरात लातूरच्या बाजारात सोयाबीन आणतो, पुढे कापूस, मग तूर, उन्हाळ्यात वसमत-नांदेडची हळद आणि धर्माबादची लाल मिरची. मिरचीच्या गोण्या उतरत असताना बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी राहिली, की त्या केबिनमध्ये बसवत नाही. डॅशबोर्डवर आतलीच हवा फिरवायचं बटण असतं. बाजार समितीच्या आवारात, खळ्यावर, मातीच्या वळणरस्त्यावर ते दाबायला हवं. मी बोललो त्यांतल्या फार थोड्या ड्रायव्हरांना ते बटण कशाचं, ते कुणी सांगितलेलं होतं.

मिस्त्रीने मोटर बाकावर ठेवून उघडली. करंट आत नेणारे कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर चर पडले होते, आणि दांडा पेलणारा बूश कोरडा पडून आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरता गाभा, डगमगत होता. मग त्याने रेझिस्टर काढून दाखवला. हा छोटा तुकडा पाहिल्यावर महिन्याभराची सगळी तक्रार उलगडली. ब्लोअरचे कमी स्पीड तारांच्या वेटोळ्यांतून मिळतात. वेटोळं करंट अडवतं, स्वतः तापतं, मोटर हळू फिरते. फुल स्पीडचा करंट या वेटोळ्यांना वळसा घालून थेट जातो. म्हणून रेझिस्टर जळाला, की आधी एक-दोन-तीन जातात आणि फक्त फुल उरतं. हा रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवलेला असतो, त्याच वाऱ्याने तो गार राहतो. इथे कचऱ्याने वारा कमी झाला होता. कोरड्या बुशामुळे मोटर जड फिरत होती, म्हणजे जास्त करंट ओढत होती. वेटोळं तुटलं आणि कनेक्टरची एक पिन काळी पडून प्लास्टिक वितळलं. जिथे नुसता रेझिस्टर बदलला जातो, तिथे तो काही आठवड्यांत पुन्हा जळतो. मग ड्रायव्हर म्हणतो पार्ट डुप्लिकेट होता. पार्ट चांगला असतो. त्याला जाळणारी जड मोटर तशीच ठेवलेली असते.

भाचा म्हणाला, "उस्ताद, कार्बनच बदला की. मालक वरडू लालाय खर्चाला."

कार्बन बदलता येतात. बूश शाबूत असेल, कम्युटेटर झिरो पेपरने साफ होण्यासारखा असेल, तर ती दुरुस्ती प्रामाणिक असते आणि बराच काळ टिकते. आपल्या मिस्त्रींचं हे कसब कमी लेखू नये. शोरूम ज्या मोटरी फेकून देतं, त्या यांनी वर्षानुवर्षं चालवल्या आहेत. पण इथे बूश गेला होता. मिस्त्रीने मालकाला व्हिडिओ कॉल लावून आर्मेचर फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून हलवून दाखवला. पलीकडून होकार आला.

नवी मोटर नांदेडहून मागवली. ती येईपर्यंत दोन माणसं मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धूत बसली. जोराचा फवारा मारला तर जाळीच्या पातळ पात्या वाकतात. जाळीखालची पाणी जाण्याची नळी चिखलाने बंद होती, ती तारेने मोकळी केली. पावसाळ्यात एसीचं पाणी केबिनमध्ये किन्नरच्या पायाशी साचतं, ते याच नळीमुळे.

मोटर आल्यावर त्याने सगळ्यात आधी लेबल वाचलं. २४ व्होल्ट. कार आणि ट्रॅक्टरच्या मोटरी १२ व्होल्टच्या असतात. दिसायला सारख्या, बसतातही. २४ व्होल्टवर लावल्या तर सुरुवातीला वारा जोरात येतो आणि थोड्याच वेळात जळका वास. मग जुन्या मोटरीशेजारी ठेवून चाकाचा व्यास, पात्यांचं वळण, स्क्रूची भोकं पडताळली. बाहेरच दोन तारा लावून फिरण्याची दिशा पाहिली. उलट दिशेने फिरली तरी थोडी हवा येतेच, आणि माणूस पुढे आयुष्यभर एसी कमजोर आहे म्हणत राहतो. खोळीच्या कडेला नवी स्पंजची पट्टी, नवा रेझिस्टर, आणि वितळलेला कनेक्टर कापून नवा. तारा पिळून वर टेप गुंडाळली नाही, पक्कडीने दाबून लग्ज बसवले. फ्यूज होता त्याच अँपिअरचा.

शेवटचं हे काम या सगळ्यांत मोठं आहे, असं मला वाटतं. फ्यूज सारखा जातो म्हणून त्या जागी जाड फ्यूज, नाहीतर सरळ तांब्याची तार घालायची सवय या रस्त्यावर सर्रास आहे. फ्यूज जातो तो मोटर जड झाल्याची खबर देण्यासाठी. तार घातली, की ती खबर वायरिंगमध्ये शिरते आणि डॅशबोर्डमागे इन्सुलेशन वितळू लागतं. मागे कापसाचे गठ्ठे असताना, झोपलेल्या माणसाच्या उशाशी.

बॅटरी जोडून प्रत्येक स्पीडवर क्लॅम्प मीटरने करंट मोजला. फुलवर सहा अँपिअरच्या आसपास, म्हणजे दीडशे वॉटचं काम. आवाज नाही, थरथर नाही. जाळीतून येणारी हवा काही मिनिटांत दहा-बारा अंशांवर आली. ड्रायव्हरने पहिल्यांदा काच वर केली.

याच मोटरीवर हीटरही चालतो. मराठवाड्यात हीटर कशाला, असं वाटेल. अर्धापूरची केळी घेऊन जानेवारीत दिल्ली-पंजाबकडे जाणाऱ्या ड्रायव्हरांना विचारावं. हरियाणातल्या धुक्यात काच बाहेरून दवाने आणि आतून श्वासाने पांढरी होते. हीटरमध्ये वेगळी शेगडी नसते. इंजिनचं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यातून हवा काचेवर सोडतो. ब्लोअर बंद असेल तर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातातल्या दस्तीने काच पुसणं सुरू होतं. पावसाळ्यात तर एवढं लांबही जावं लागत नाही. जुलैच्या रात्री नायगाव-देगलूर रस्त्यावरही काच आतून धुरकटते, आणि ती साफ होते एसीतून कोरडी झालेली हवा तिच्यावर लागली की. वायपर बंद असलेली गाडी मालक पावसात रस्त्यावर काढणार नाही. ब्लोअर बंद असलेली मात्र निघते, कारण ब्लोअर हा ड्रायव्हरचा शौक समजला जातो. मला यातली सगळ्यात चुकीची गोष्ट हीच वाटते. काच दिसणं आणि ड्रायव्हर जागा असणं यांत शौक कसला?

मालकाची बाजूही ऐकली. एक-दोन गाड्यांचा मालक बहुधा स्वतः कधीकाळी ड्रायव्हर असतो. हप्ता, टायर, डिझेल, टोल, विमा, आणि परतीला रिकामी आलेली फेरी. एसी चालला की डिझेल जातं हे खरंच आहे, आणि रात्री इंजिन चालू ठेवून केबिन गार करणं त्याला सहन होत नाही. म्हणून ड्रायव्हर रात्री इंजिन बंद करून नुसता ब्लोअर लावून झोपतो. सहा अँपिअरने आठ तास म्हणजे ४८ अँपिअर-तास. दीडशेच्या बॅटरीतून एक तृतीयांश गेले, आणि बॅटरी जुनी असेल तर सकाळी स्टार्टर फिरत नाही. मग पुन्हा ब्लोअरवर खापर. स्पीड एक-दोनवर ठेवला तर ओढ बरीच कमी होते. पण त्यासाठी रेझिस्टर चांगला हवा, आणि तोच आधी जळालेला असतो.

यात मालकाला परवडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे वेळेवर पाहणं. गुढीपाडव्याच्या सुमारास ऑइल बदलताना फिल्टर काढून झटकावा, ब्लोअर चारही स्पीडवर ऐकावा, पाण्याची नळी पाहावी. एवढ्याने बूश कोरडा पडल्याचा आवाज मार्च-एप्रिलमध्येच कळतो आणि काम हजारांऐवजी शेकड्यांत उरकतं. ज्या मालकांकडे हे होतं, त्यांच्याकडे ड्रायव्हर टिकतात. चांगला ड्रायव्हर मिळत नाही ही तक्रार मी नरसीपासून नांदेडपर्यंत ऐकली. ती करणाऱ्यांच्या गाड्यांच्या काचा मी पाहिल्या, तेव्हा बऱ्याच उघड्या होत्या.

आता १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या गाड्या या रस्त्यावर येऊ लागल्या आहेत. अजून वॉरंटीत आहेत, बिघाड झाला तर शोरूम बघतं. काही वर्षांत त्यांची वॉरंटी संपेल आणि तेव्हा त्यांच्या ब्लोअरांचे कार्बनही झिजलेले असतील. त्या गाड्या मग याच गॅरेजांत येतील, आधीपेक्षा कितीतरी मोठ्या संख्येने. नायगाव-नरसी पट्ट्यात इंजिन उघडणारे हात भरपूर आहेत, वायरिंगवालेही आहेत. केबिनच्या एसीचं काम आवाज, व्होल्ट आणि गॅस या तिन्ही बाजूंनी समजणारे बोटांवर मोजण्याइतके. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड वेगळा, रेफ्रिजरेशन आणि एसीचा वेगळा. पहिल्यातल्या मुलाला इंजिन येतं पण गॅसचं चक्र नीट हाती येत नाही, दुसऱ्यातला मुलगा घरातल्या २३० व्होल्टच्या यंत्रांवर शिकतो आणि ट्रकच्या २४ व्होल्टच्या हार्नेसला बिचकतो. त्या गॅरेजातल्या मिस्त्रीने दोन्ही कामं वेगवेगळ्या उस्तादांकडे राहून शिकली, एक नांदेडला, एक हैदराबादला. त्याच्याकडे सध्या दोन पोरं हाताखाली आहेत. तालुक्यातल्या आयटीआयने दोन्ही ट्रेडच्या मुलांना एका जुन्या ट्रकच्या केबिनवर काही आठवडे एकत्र बसवलं, तर येत्या उन्हाळ्यांसाठी हात तयार होतील. भंगारातली एक केबिन, दोन बॅटऱ्या आणि मीटर, एवढ्या साहित्यावर हे उद्यापासून सुरू होऊ शकतं.